जमिनीखालची ड्रेनेज लाइन खचली आहे: सगळी खोदावी की दोष शोधून तेवढीच बदलावी?

प्रश्न: पाचपाखाडीचा सचिव

नमस्कार. ठाण्यात पाचपाखाडी भागात आमची बत्तीस सदनिकांची गृहनिर्माण संस्था आहे. इमारत १९८४ साली बांधलेली असून तळमजला अधिक तीन मजले आणि दोन विंग अशी तिची रचना आहे. गेल्या वर्षी सचिवपदाची जबाबदारी माझ्याकडे आली आणि तेव्हापासून इमारतीच्या मागच्या गल्लीतून जाणाऱ्या मैल्याच्या लाइनचा प्रश्न समोर उभा आहे.

मागच्या गल्लीत एकूण सहा चेंबर आहेत आणि सहाव्यातून लाइन रस्त्याकडे जाते. तिसऱ्या आणि चौथ्या चेंबरच्या मधले पेव्हर ब्लॉक वीतभर खचले आहेत. दोन वेळा ते काढून खाली रेती भरली व पुन्हा बसवले, परंतु दोन-तीन महिन्यांत त्याच जागी पुन्हा खड्डा पडला. तेथेच कुंपणाच्या भिंतीलगत घुशींची बिळे आहेत आणि बिळांबाहेर पडलेली माती भर उन्हाळ्यातही काळी आणि ओली असते. तिसरे चेंबर महिन्यातून एकदा तरी तुंबते. ते तुंबले की तळमजल्यावरच्या मोऱ्यांमध्ये जाळीतून पाणी वर येते, आणि वरच्या मजल्यावर कोणी फ्लश केला की खालच्या नहाणी ट्रॅपमधून, म्हणजे मोरीच्या जाळीखालच्या पाणी धरून ठेवणाऱ्या वाकातून, गुडगुड आवाज येतो. बी विंगमधल्या एक वृद्ध आजी पहाटे सहाच्या आत, वरच्या आंघोळी सुरू होण्यापूर्वी, आपले सगळे उरकून घेतात आणि मग मोरीच्या जाळीवर ओल्या फडक्याचा बोळा दाबून त्यावर भरलेली बादली ठेवतात. हे दोन वर्षे चालले आहे. पावसाळ्यात त्रास फारच वाढतो.

दोन प्लंबरांची मते घेतली. एकाने सहाही चेंबर तोडून अंदाजे पन्नास मीटरची संपूर्ण लाइन नवीन टाकावी असे सांगितले. दुसऱ्याच्या मते जेटिंग करून, म्हणजे जोरदार दाबाच्या पाण्याने लाइन धुऊन, चेंबरला आतून प्लास्टर केले की पुरे. दोघांनीही झाकण उघडून आत टॉर्च मारण्यापलीकडे तपासणी केली नाही, त्यामुळे दोघांपैकी कोणावर विश्वास ठेवावा हे मला ठरवता येत नाही. त्यातच काही सभासदांचे म्हणणे आहे की त्रास तळमजल्याला आहे, तर खर्चही त्यांनीच करावा.

खचलेल्या जागेपासून पिण्याच्या पाण्याची भूमिगत टाकी जेमतेम चार मीटरवर आहे. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.


उत्तर: नेरूळची गृहिणी

बाकीचे सर्व नंतर पाहावे, आधी टाकीकडे लक्ष द्यावे. आमच्या इमारतीत अशीच फुटलेली लाइन टाकीजवळून जात होती आणि दोन घरांत कावीळ झाल्यानंतर आम्ही जागे झालो. टाकी भरलेली असताना आतल्या पाण्याचा दाब बाहेरच्या दिशेने असतो, परंतु दुपारी टाकी तळाला गेली की भिंतीतल्या बारीक भेगांतून बाहेरचे पाणी आत झिरपू शकते. महानगरपालिकेकडून टाकीपर्यंत येणाऱ्या नळीचेही तसेच आहे. पाणी दिवसातून ठरावीक वेळच येते, आणि ते बंद असताना नळीत दाब नसतो. तेव्हा तिच्या सैल जोडातून जमिनीतली घाण आत ओढली जाते. पाणी सुटल्यावर पहिली पाच मिनिटे त्याला वास येतो का, हे एखाद्या दिवशी टाकीच्या तोंडाशी उभे राहून अवश्य पाहावे.

प्रयोगशाळेतून जिवाणू तपासणी करून घ्यावी आणि नमुना त्यांनी दिलेल्या निर्जंतुक बाटलीतच भरावा. घरच्या बाटलीतला नमुना काही कामाचा नसतो. अहवाल येईपर्यंत सर्वांना पाणी उकळून पिण्यास सांगावे. क्लोरीन तपासण्याचे थेंब बाजारात मिळतात. नळाच्या पाण्यात ते टाकल्यावर पिवळसर छटा आली पाहिजे आणि उर्वरित क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असले पाहिजे. सोसायटीच्या टाकीत येणाऱ्या पाण्यात क्लोरीन आहे, पण टाकीतून वर चढणाऱ्या पाण्यात ते नाही, असे आढळले तर टाकीत काहीतरी शिरत आहे असे धरून चालावे.


उत्तर: मलनिःसारणातला निवृत्त अभियंता

मी नोकरीची तीन दशके याच कामात घालवली. सचिव महोदयांनी लक्षणे इतकी नीट लिहिली आहेत की अर्धे निदान त्यांतच आहे. दोन्ही प्लंबरांनी पाईपच्या आत न पाहताच उपाय सांगितला. जमिनीखालच्या लाइनवर खर्च करण्याआधी दोष कोठे आहे, किती लांबीचा आहे आणि कशामुळे झाला आहे, हे कागदावर उतरवले पाहिजे. त्या तपासणीचा खर्च चुकीच्या जागी खोदलेल्या एका चराच्या खर्चापेक्षा नेहमी कमी असतो.

तुमच्या इमारतीच्या काळात ठाण्यात सर्रास चिनी मातीचे, म्हणजे स्टोनवेअरचे पाईप टाकले जात. हा पाईप स्वतः अतिशय टिकाऊ असतो, त्यावर आम्लाचा किंवा वायूचा परिणाम होत नाही, आणि मी काही ठिकाणी पन्नास वर्षांचे पाईप कालच भाजल्यासारखे गुळगुळीत पाहिले आहेत. त्याचे दुखणे जोडात असते. हे पाईप साधारण दोन फूट लांबीचे येत, म्हणजे पन्नास मीटरमध्ये ऐंशीच्या वर जोड आले. प्रत्येक जोडात सिमेंटच्या मळीत भिजवलेली सुतळी ठोकून वर सिमेंट-वाळूचा माल भरत. असा जोड ताठ असतो. खालची जमीन बोटभर बसली तरी तो तडकतो आणि पाणी बाहेर झिरपू लागते. ते पाणी भोवतालची बारीक माती धुऊन पाईपमध्ये आणते, माती पुढच्या चेंबरमध्ये वाहून जाते, आणि पाईपखाली पोकळी तयार होते. घुशींना अशी मऊ, ओली आणि खाद्य असलेली जागा फार मानवते. लोकांना वाटते की घुशींनी लाइन फोडली. बहुतेक वेळा लाइन आधी फुटलेली असते आणि घुशी मागाहून येतात. तुम्ही दोनदा भरलेली रेतीसुद्धा याच वाटेने वाहून गेली आहे. चौथ्या चेंबरच्या तळाशी रेती साचली आहे का ते पाहा.

आता तपासणीचा क्रम सांगतो. तिसरे चेंबर तुंबलेले असेल त्याच वेळी सहाही झाकणे उघडावीत. सहावे चेंबरही काठोकाठ भरलेले असेल तर अडथळा तुमच्या हद्दीबाहेर, रस्त्याकडे जाणाऱ्या जोडणीत किंवा महानगरपालिकेच्या लाइनमध्ये आहे, आणि तुम्ही आपल्या गल्लीत कितीही खोदले तरी उपयोग नाही. चौथे, पाचवे व सहावे रिकामे वाहत असतील आणि तिसरे भरलेले असेल, तर दोष तिसऱ्या व चौथ्याच्या मध्ये आहे. या एका निरीक्षणाला एक पैसाही लागत नाही.

पावसाळ्यात त्रास वाढतो, त्याचीही चाचणी करा. कोरड्या दिवशी गच्चीवर जाऊन पावसाच्या पाण्याच्या एकेका पाईपमध्ये नळीने पाणी सोडा आणि एका माणसाला चेंबरपाशी उभे करा. जुन्या इमारतींत गच्चीचे पाणी मैल्याच्या चेंबरमध्ये जोडून दिलेले हमखास सापडते. सहा इंची लाइन घरांच्या सांडपाण्यासाठी असते. गच्चीवरचा मुसळधार पाऊस तिच्यात घातला तर धडधाकट लाइनसुद्धा तुंबेल. ते पाणी पावसाळी गटारातच गेले पाहिजे.

गुडगुड आवाजाचे कारण मात्र कदाचित जमिनीखाली नसून गच्चीवर असेल. मैल्याच्या उभ्या पाईपचे वरचे टोक हवेसाठी उघडे असावे लागते. आपल्याकडे गळती थांबवण्यासाठी जुन्या गच्च्यांवर पत्र्याची शेड घालतात आणि त्या कामात हे टोक कापून बंद करतात. मग फ्लशचे पाणी खाली येताना हवा मिळवण्यासाठी तळमजल्याच्या ट्रॅपमधले पाणी ओढते. त्या ट्रॅपमधले पाणी हीच घर आणि गटार यांच्यामधली एकमेव आड असते, ती गेली की वास आणि झुरळे थेट घरात येतात.

एवढे झाले की जेटिंग करून लाइन धुऊन घ्या आणि मगच आतून कॅमेरा फिरवा. मैल्याने भरलेल्या लाइनमधले चित्रीकरण निरुपयोगी असते. कॅमेरेवाल्याकडून चित्रफितीबरोबर अंतरांची नोंद मागा, कारण दोष चेंबरपासून किती मीटरवर आहे हे कळल्याशिवाय खोदायचे कोठे ते ठरत नाही. त्याचबरोबर प्रत्येक चेंबरच्या तळाची पातळी लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) मोजून लिहून ठेवा.


प्रश्नकर्ता: पाचपाखाडीचा सचिव

आपण दोघांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. पाण्याची तपासणी केली. अहवाल सुदैवाने चांगला आहे. तरीही टाकी रिकामी करून आतल्या भिंती पाहिल्या आणि गल्लीकडच्या बाजूला आडव्या जोडावर ओलाव्याचा पट्टा आढळल्यामुळे तेथे जलरोधक काम करून घेतले. सध्या सर्व घरांत पाणी उकळूनच वापरले जात आहे.

आपण सांगितलेल्या क्रमाने तपासणी केली. चौथे, पाचवे, सहावे चेंबर मोकळे आणि तिसरे काठोकाठ भरलेले होते. चौथ्याच्या तळाशी खरोखरच रेती निघाली, चार घमेली. बी विंगचे दोन पावसाळी पाईप दुसऱ्या चेंबरमध्ये जोडलेले आहेत आणि दोन उभ्या मैल्याच्या पाईपांपैकी एकाचे टोक शेडच्या पत्र्याखाली सिमेंटने बंद केलेले आहे.

जेटिंगनंतर कॅमेरा फिरवला. तिसऱ्या व चौथ्या चेंबरमध्ये नऊ मीटर अंतर आहे. तिसऱ्यापासून ३.४ मीटरवर जोड उघडा पडलेला दिसतो. पुढे ४ ते साडेसहा मीटरपर्यंत कॅमेरा पाण्याखाली जातो आणि ६.८ मीटरवर पाईपचा वरचा अर्धा भाग फुटून आत पडला आहे. तेथून मुळांचा झुपका लोंबतो आहे. कुंपणापलीकडे उंबराचे झाड आहे. बाकीच्या लाइनमध्ये दोन जोडांवर मुळांचे बारीक तंतू आहेत, पण पाईप शाबूत आहेत.

मला एक गोष्ट समजत नाही. तिसऱ्या व चौथ्या चेंबरच्या तळांत १५ सेंटिमीटरचा फरक आहे. प्लंबर म्हणतो की नऊ मीटरला १५ सेंटिमीटर म्हणजे साठास एक असा योग्य उतार आहे, मग पाईपमध्ये पाणी साचते कसे? आणि न खोदता आतून अस्तर घालण्याची पद्धत आहे असे एका कंत्राटदाराने सांगितले, तिचा उपयोग होईल का?


उत्तर: वाशीकर

अस्तराचा अनुभव आमच्याकडे आहे, म्हणून लिहितो. राळेत भिजवलेली कापडी नळी जुन्या पाईपमध्ये हवेच्या किंवा पाण्याच्या दाबाने उलटवत नेतात आणि उष्णता देऊन ती आतल्या आत कडक करतात. आमची एक लाइन जिन्याखालून जाते, तेथे खोदणे शक्यच नव्हते आणि तेथे ही पद्धत उत्तम ठरली. परंतु अस्तर हे जुन्या पाईपचा आकार जसा असेल तसाच घेते. आमच्या दुसऱ्या एका टप्प्यात पाईपचे पोट खाली बसले होते. तेथेही अस्तर घातले, गळती थांबली, पण पाणी मात्र पूर्वीसारखेच साचत राहिले आणि वर्षभरात तो टप्पा खोदून बदलावाच लागला. दोन्ही खर्च अंगावर पडले. तुमच्याकडे तर पाईप आत कोसळलेला आहे. नळी पुढे सरकायलाही गोल वाट शिल्लक नाही.

ठाण्याच्या तुमच्या भागात जमीन बरीच कठीण लागेल. आमच्याकडे वाशीत भराव टाकलेली खाडीची चिकणमाती आहे. नवी मुंबईचे बरेच भाग मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा सखल आहेत, म्हणून तर येथे भरतीच्या वेळी पावसाचे पाणी साठवून ठेवणारे धारण तलाव बांधले आहेत, आणि पावसाळ्यात जमिनीखालचे पाणी फूट-दीड फुटावर येते. आमच्या फुटक्या जोडांतून मैला बाहेर जाण्यापेक्षा बाहेरचे पाणी आत येण्याचेच प्रमाण अधिक होते. चर खोदला तर खारे पाणी भरू लागले, पंप सतत चालू ठेवावा लागला, आणि खाली टाकलेली खडी चिखलात बुडू नये म्हणून तळाला जाड विणीचे कापड अंथरावे लागले. नवी मुंबईतले कोणी हे वाचत असतील तर त्यांनी असे काम मार्च ते मे याच काळात काढावे.


उत्तर: मलनिःसारणातला निवृत्त अभियंता

वाशीकरांनी अस्तराविषयी जे लिहिले आहे ते अगदी बरोबर आहे, तुमच्या टप्प्याला ते चालणार नाही.

उताराचा तुमचा प्रश्न महत्त्वाचा आहे. चेंबरच्या तळांची पातळी म्हणजे पाईपच्या फक्त दोन टोकांची पातळी. पलंगाची नवार दोन्ही बाजूंना पक्की असली तरी मधे झोळ येतो, तसा पाईपला झोळ आला आहे. सुरुवातीचा भाग ठरल्यापेक्षा तीव्र उतरतो, मग पाईप सपाट होतो आणि शेवटी चौथ्या चेंबरकडे थोडा चढतो. टोकांचा हिशोब साठास एक असा बरोबर येतो आणि पाणी मात्र मधे उभे राहते. झोळात पाणी मंद झाले की मैला तळाला बसतो आणि स्वयंपाकघरातला तेलकट थर त्याच्यावर चढत जातो. मैला पुढे वाहत राहण्यासाठी प्रवाहाचा वेग सेकंदाला साधारण ०.६ ते ०.७५ मीटर तरी असावा लागतो.

माझे मत असे की तिसऱ्या ते चौथ्या चेंबरपर्यंतचे नऊ मीटर पूर्ण बदलावेत, मधला तुकडा नव्हे. मधला तुकडा बदलला की जुना चिनी मातीचा पाईप आणि नवा प्लास्टिकचा पाईप यांचा जोड मातीखाली येतो, आणि पुढच्या पाच वर्षांत तोच जोड उघडतो. चेंबर ते चेंबर काम केले तर मातीखाली जुन्या-नव्याचा एकही जोड राहत नाही. बाकीच्या टप्प्यांना आज हात लावू नका. मुळांचे तंतू जेटिंगच्या कापणाऱ्या नोझलने काढून घ्या आणि दोन वर्षांनी पुन्हा कॅमेरा फिरवा. उंबर तोडण्याचा विचार कोणी मांडला तर वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय ते करता येत नाही, आणि करण्याची गरजही नाही. बंदिस्त जोडातून ओलावा बाहेर आला नाही तर मुळांना तिकडे वळण्याचे कारण उरत नाही.

पाईप घेताना त्याच्यावर छापलेले मानक वाचावे. जमिनीखालच्या मलवाहिनीसाठी आय. एस. (भारतीय मानक) १५३२८ हे मानक आहे. भिंतीवर बसवायच्या पाईपांसाठी आय. एस. १३५९२ आहे आणि दुकानदार किंवा प्लंबर सहजपणे तेच पाईप जमिनीत टाकतात, कारण ते लगेच उपलब्ध असतात. तुमच्या गल्लीतून पाण्याचा टँकर जात असेल तर ताठरपणाचा वर्ग एस. एन. ८ चा घ्या. जोड रबरी रिंगचे घ्यावेत, म्हणजे जमीन थोडी बसली तरी जोड लवतो आणि तुटत नाही.

कामाच्या वेळी पुढील गोष्टींवर स्वतः उभे राहून लक्ष ठेवा. चराचा तळ ओला आणि पोकळ लागेल. घुशींची बिळे दिसतील तेथे माती पक्क्या थरापर्यंत काढून मुरूम आणि बारीक खडी थराथराने ठोकून भरावी. त्यावर किमान १० सेंटिमीटर वाळूचा किंवा कचेचा बिछाना करावा, आणि पाईपचा सॉकेट, म्हणजे दुसरा पाईप आत बसतो ते रुंद तोंड, जेथे येईल तेथे बिछान्यात हाताने खळगा करावा, कारण खळगा नसेल तर पाईप फक्त सॉकेटवर टेकतो आणि मधे अधांतरी राहतो. काम खालच्या चेंबरकडून वर करावे व सॉकेटचे तोंड वरच्या बाजूला, म्हणजे पाणी येण्याच्या दिशेला ठेवावे. प्रत्येक पाईपवर लेव्हल लावावी. नुसत्या दोरीवर भागवू नये.

प्लास्टिकचा पाईप चेंबरच्या भिंतीत शिरतो तेथे सिमेंट त्याला धरत नाही, ही फार मोठी गळतीची जागा असते. त्या हातभर भागावर पाईपचे सोल्युशन लावून ते ओले असतानाच जाड वाळू भुरभुरावी आणि वाळल्यावर मग भिंतीत बसवावा. वाळूच्या खरखरीतपणामुळे सिमेंटला पकड मिळते. दोन मिनिटांचे काम आहे, पण सांगितल्याशिवाय कोणी करत नाही.

चर इमारतीच्या पायापासून किती दूर आहे हे आधी पाहा. पायाच्या तळापासून ४५ अंशांत खाली उतरणारी कल्पित रेषा चराने कापता कामा नये. कापत असेल तर संरचना अभियंत्याला दाखवल्याशिवाय कुदळ मारू नका. चर दीड मीटरपेक्षा खोल गेला तर फळ्या आणि टेकू लावावेत आणि काढलेली माती काठावर रचू नये.

माती भरण्यापूर्वी चाचणी घ्यावी. खालचे टोक बंद करून वरच्या चेंबरपर्यंत पाणी भरावे आणि पातळी उतरते का ते पाहावे. एका टोकाला आरसा व दुसऱ्या टोकाला दिवा धरला असता पाईपचे पूर्ण गोल तोंड दिसले पाहिजे. वर्तुळाची कड कापलेली दिसली तर पाईप कोठेतरी वाकला आहे. तिसरी जुनी चाचणी चेंडूची आहे. पाईपच्या व्यासापेक्षा १३ मिलिमीटरने लहान असा गुळगुळीत चेंडू वरून सोडला तर तो आपोआप खालच्या चेंबरमध्ये आला पाहिजे. या चाचण्या झाल्यावरच शेवटचा हप्ता द्यावा, असे करारात लिहावे.


उत्तर: नौपाड्याची माजी खजिनदार

आमची इमारत तुमच्याही आधीची आहे आणि हे सर्व आम्ही केले आहे. तांत्रिक भाग सरांनी सांगितला आहेच, मी दोन गोष्टी जोडते.

खर्चाबाबत आदर्श उपविधी, म्हणजे गृहनिर्माण संस्थांची नमुना नियमावली, स्पष्ट आहेत. ड्रेनेज लाइनची दुरुस्ती संस्थेने संस्थेच्या खर्चाने करायची असते, तसेच सामाईक पाईपमुळे होणाऱ्या गळतीचीही. वरच्या तीन मजल्यांचे पाणी त्याच लाइनमधून जाते. ते तुंबल्यावर तळमजल्यात वर येते, इतकेच. तेव्हा तळमजल्यावरच्यांकडून वेगळे पैसे मागणे नियमाला धरून नाही आणि न्यायालाही धरून नाही. दुरुस्ती व देखभाल निधी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड (भविष्यातल्या मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी) किमान ०.२५ टक्के या दराने जमा व्हायला हवा. हे निधी पुरे पडत नसतील तर सर्वसाधारण सभेत ठराव करून मोठ्या दुरुस्तीची वर्गणी क्षेत्रफळाप्रमाणे काढता येते. आम्ही सभेत कॅमेऱ्याची चित्रफीत भिंतीवर दाखवली. त्याआधी दोन सभा नुसत्या वादात गेल्या होत्या; आपल्या पायाखालचा पाईप कोसळलेला डोळ्यांनी पाहिल्यावर त्या सभेत वीस मिनिटांत ठराव झाला. दरपत्रके मागवताना सर्वांना एकच कामाचा तपशील द्यावा, नाहीतर एक जण बिछान्यासह दर देतो, दुसरा बिछान्याविना, आणि आपण स्वस्त म्हणून दुसऱ्याला काम देतो.

दुसरी गोष्ट मी आग्रहाने सांगते. काही झाले तरी माणसाला चेंबरमध्ये उतरवून मैला काढायला लावू नका. २०१३ च्या कायद्याने गटारे व सेप्टिक टँकची धोकादायक सफाई माणसाकडून करून घेण्यावर बंदी आहे आणि पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. गटारात मृत्यू झाल्यास कुटुंबाला ३० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दिला आहे. पण मी कायद्याच्या भीतीने हे लिहीत नाही. आमच्याकडे एका कंत्राटदाराचा कोवळा मुलगा आठ फुटी चेंबरमध्ये पाय सोडून बसला होता, "वास येत नाहीये काकू, काही नाही होत" असे म्हणत. मी त्याला दंडाला धरून मागे ओढले. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास येत नाही म्हणजे वायू नाही, असे मुळीच नसते. सफाई यंत्रानेच होईल, ही अट करारात पहिल्या क्रमांकावर लिहा आणि काम चालू असताना समितीचा एक सदस्य तेथे हजर ठेवा.


प्रश्नकर्ता: पाचपाखाडीचा सचिव

आपणा सर्वांना कळवण्यास आनंद वाटतो की काम एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पूर्ण झाले. ताईंनी सांगितल्याप्रमाणे सभेत चित्रफीत दाखवली आणि ठराव मंजूर झाला. खर्च दुरुस्ती निधीतून भागला, वर्गणी काढावी लागली नाही.

खोदल्यावर ६.८ मीटरच्या जागी पाईपखाली एक माणूस आडवा झोपेल एवढी पोकळी निघाली. वरचे पेव्हर ब्लॉक केवळ एकमेकांत अडकून राहिले होते. त्या जागेवरून मुले सायकली चालवत होती, हे आठवले की अजूनही अंगावर काटा येतो. पोकळीत घुशींनी ओढून आणलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या आणि आम्ही भरलेली रेती होती. जुन्या पाईपच्या फुटलेल्या तुकड्यांच्या खाली बिछाना मुळातच नव्हता, पाईप थेट भरावाच्या मातीवर आणि विटांच्या तुकड्यांवर टेकवलेले होते. म्हणजे दोष चाळीस वर्षांपूर्वी लाइन टाकली त्याच दिवशीचा होता.

पायापासूनचे अंतर पुरेसे असल्याचे संरचना अभियंत्याने पाहून सांगितले. पहिल्या चाचणीत आरशातले वर्तुळ खालच्या बाजूने कापलेले दिसले, म्हणून दोन पाईप उचलून बिछाना पुन्हा केला. कंत्राटदार नाराज झाला, परंतु करारात अट असल्यामुळे त्याने ते केले. दुसऱ्या वेळी वर्तुळ पूर्ण दिसले आणि चेंडू नऊ मीटर अंतर पार करून चौथ्या चेंबरमध्ये आला. भरलेले पाणी दुपारपासून संध्याकाळपर्यंत उतरले नाही. पावसाळी पाईप दुसऱ्या चेंबरमधून काढून समोरच्या पावसाळी गटारात नेले आणि शेडच्या पत्र्यातून मैल्याच्या पाईपचे टोक वर काढून त्यावर जाळीची टोपी बसवली. त्या दिवसापासून गुडगुड थांबली आहे.

एक शंका शिल्लक आहे. तळमजल्यावरच्या मोऱ्या वरच्या मजल्यांच्या उभ्या पाईपलाच, अगदी तळाशी जोडलेल्या आहेत. उद्या पुन्हा कधी चेंबर तुंबले तर पाणी त्यांच्याच घरात येणार. यावर काही उपाय आहे का?


उत्तर: मलनिःसारणातला निवृत्त अभियंता

दुसऱ्यांदा बिछाना करून घेतलात, हे फार चांगले केलेत.

शंकेचे उत्तर असे की तळमजल्याच्या मोऱ्या आणि संडास उभ्या पाईपपासून तोडून स्वतंत्र पाईपने थेट चेंबरमध्ये न्यावेत. मोरीचे पाणी मधे गली ट्रॅप, म्हणजे इमारतीबाहेर जमिनीत बसवलेला जाळीचा ट्रॅप, बसवून न्यावे. उभ्या पाईपच्या पायथ्याशी वरून येणाऱ्या पाण्याचा दाब सर्वांत जास्त असतो, तेथे तळमजल्याचा जोड मुळात देऊच नये. असे केल्यावर चेंबर भरले तरी पाणी आधी गल्लीतल्या गली ट्रॅपच्या जाळीतून बाहेर येईल आणि घरात शिरण्यापूर्वी तुम्हाला दिसेल. मात्र त्यासाठी गली ट्रॅपची जाळी तळमजल्याच्या मोरीच्या फरशीपेक्षा किमान १५ सेंटिमीटर खाली असली पाहिजे, हे लेव्हल ट्यूबने मोजून घ्या. पावसाला अजून सहा-सात आठवडे आहेत, तेवढ्यात हे काम होऊ शकते. ज्या आजींविषयी तुम्ही पहिल्या दिवशी लिहिले होते, त्यांच्या मोरीपासून सुरुवात करा.